डोकी, थाळ्या आणि दर्जा: महाराष्ट्रातल्या अनुदानित संस्थांचा हिशेब

शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या तपासणीला अधिकारी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती? बालगृहात किती मुले, वाचनालयात किती पुस्तके, भोजन केंद्रात किती थाळ्या, तलावातून किती घनमीटर गाळ. काम कसे चालले आहे हा प्रश्न चहा आल्यावर निघाला तर निघतो. यात अधिकाऱ्यांचा दोष फारसा नाही. त्यांच्या हातात जो नमुना दिलेला असतो त्यात रकाने आकड्यांचे असतात, आणि पैसा त्याच आकड्यांवर सुटतो. पण ज्या मापाने पैसा सुटतो त्या मापाची संस्था हळूहळू घडत जाते, ही गोष्ट महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे दिसते आहे आणि तिची दखल मात्र घोटाळा उघडकीला आल्यावरच घेतली जाते.

या व्यवस्थेचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी मदत देण्याचे तत्त्व मांडले: लोकांनी संस्था काढावी, सरकारने अटी घालून खर्चाचा काही भाग उचलावा. त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून मासिक मदत मिळत होती. फुल्यांनीच पुढे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या मदतीच्या दिशेवर बोट ठेवले. कर भरतो शेतकरी आणि पैसा जातो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणाकडे, ही त्यांची तक्रार होती. अनुदान कोणाच्या खिशातून येते आणि कोणाच्या दारात पोचते, हा प्रश्न इतक्या थेटपणे त्यानंतर फार थोड्यांनी विचारला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. 1901 पासून त्यांनी एकेका समाजाची वसतिगृहे उभी करायला हात दिला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी 1908 चे मिस क्लार्क होस्टेल. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना मदत केली, काही ठिकाणी जमिनींचे उत्पन्न लावून दिले आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवला. वार्षिक अनुदान आणि कायमचे उत्पन्न यांत फरक पडतो तो इथे. ज्या संस्थेच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे तिला दर मार्चला कोणाच्या केबिनबाहेर बसावे लागत नाही. यातली कित्येक वसतिगृहे शंभर वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहेत. स्वतंत्र महाराष्ट्राने मात्र कोल्हापूरची वाट सोडून मुंबई इलाख्याची उचलली. दरवर्षी मागा, दरवर्षी देऊ.

त्या वाटेवर काय होऊ शकते याचा धडा साताऱ्याला 1948 मध्येच मिळाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सुरू केलेली रयत शिक्षण संस्था तोवर चांगली वाढली होती आणि वाढीबरोबर तिचा सरकारी पैशावरचा भारही वाढला होता. भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका मुंबई सरकारला झोंबली आणि संस्थेचे अनुदान थांबले. शेवटी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि गाडे पुन्हा सुरू झाले. ही गोष्ट आपण बाबांच्या थोरवीची म्हणून सांगतो आणि ती आहेही. पण तिची दुसरी बाजू अशी की हजारो मुलांच्या शिक्षणाचा पैसा एका भाषणाने अडला आणि एका भेटीने सुटला. दोन्ही वेळा नियम कुठेच नव्हता. खेर हे सज्जन राज्यकर्ते होते हे सगळेच मान्य करतात, म्हणून तर ही गोष्ट जास्त विचार करायला लावते.

आता मापांकडे येतो, आणि सुरुवात वाचनालयांपासून करतो, कारण अनुदानाचा सगळा स्वभाव तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. मराठी मुलखात वाचनालय ही आधी लोकांची गोष्ट होती, सरकार नंतर आले. 1939 मध्ये ग्रंथालयांच्या विकासासाठी फैजी समिती नेमली गेली, कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 मध्ये होऊन 1 मे 1968 पासून लागू झाला. या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. मद्रासने 1948 च्या कायद्यातच मालमत्ता करावर उपकर बसवला होता, कर्नाटकानेही तशी सोय केली. गोव्याच्या 1993 च्या कायद्याने तर मद्यावरच्या अधिभारातून पुस्तकांना पैसा मिळण्याची तरतूद केली. (पिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांना पोसावे, यापेक्षा गोव्याला शोभणारी तरतूद दुसरी सुचणे कठीण.) महाराष्ट्रात ग्रंथालये राहिली अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर, म्हणजे वित्त विभागाच्या मर्जीवर.

तरतूद वाटायची कशी, तर दर्जाप्रमाणे. जिल्हा, तालुका आणि इतर अशी विभागणी. तिच्यात अ, ब, क, ड. दर्जा ठरतो पुस्तकांची संख्या, सभासद, नियतकालिके, कर्मचारी, उघडे राहण्याचे तास यांवरून. गावोगावची बहुसंख्य ग्रंथालये शेवटच्या पायऱ्यांवर आहेत. इतर ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 च्या अखेरीस सरकारने 60 टक्के वाढ जाहीर केली, म्हणजे आकडा 48 हजारांच्या घरात गेला. साधारण निम्मी रक्कम पगारावर जाते. म्हणजे वर्षाला 24 हजार, महिन्याला दोन हजार. एवढ्या पैशात ग्रंथपालाने रोज वाचनालय उघडायचे, झाडायचे, पेपर लावायचे, पुस्तके द्यायची-घ्यायची आणि नोंदवह्या ठेवायच्या. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, जडसंग्रह, रोकडवही, इतिवृत्त, आवक-जावक. तपासणीला येणारे जिल्हा ग्रंथालय अधिकारी याच वह्या पाहतात. नोंदवही टापटीप असली की ग्रंथालय टापटीप. वाचक संध्याकाळी येतात की नाही हे वहीत दिसत नाही, सही दिसते.

म्हणून ग्रंथालय काय करते? पुस्तकांची संख्या भरायची असते, तेव्हा चाळीस टक्के सवलतीत मिळणारी स्वस्त पुस्तके गठ्ठ्याने घेते. पातळ पुस्तिका आणि विश्वकोशाचा खंड, दाखल नोंदवहीत दोघांना एकेकच ओळ. मराठीत अशा खरेदीवर डोळा ठेवून छापली जाणारी पुस्तके आहेत हे प्रकाशन व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. ती वाचण्यासाठी लिहिलेली नसतात, मोजण्यासाठी छापलेली असतात.

मे 2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कुठे पाटीच सापडली नाही, कुठे पाटी होती पण कुलूप गंजलेले होते, कुठे एकाच खोलीत दोन संस्था नांदत होत्या. कारवाई व्हायला हवीच होती. पण झाले असे की त्यानंतर दहाएक वर्षे नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही अडकून पडल्या. बोगस ग्रंथालयांची शिक्षा अशा पोरांना झाली ज्यांनी 2013 किंवा 2015 मध्ये गावात पदरमोड करून पाच-सात हजार पुस्तके जमवली. त्यांना रांगेत उभे राहायलाही जागा नव्हती. आधी मान्यता मिळालेले, आता अर्धमेले झालेले वाचनालय हप्ता घेत राहिले आणि धडपडणारे बाहेर राहिले. पडताळणी करून सरकार चोर शोधते. पण चोर सापडला की दारच बंद करते, ही आपली जुनी खोड आहे.

शाळा आणि वसतिगृहे यांचे माप डोक्यांचे. इथे तपासणीचा कळस 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत झाला. नांदेड जिल्ह्यात आधी पटावरचे खोटे विद्यार्थी सापडले होते. मग सगळ्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी लावली गेली. एका शाळेत मोजलेले पोर दुसऱ्या शाळेत उभे करू नये म्हणून पोरांच्या बोटाला मतदानाची शाई लावली. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटावरची ती शाई हा मराठी शिक्षणाच्या इतिहासातला एक फोटो आहे, आणि तो सुखाचा नाही. लाखो नावे कागदावरचीच निघाली. ती कागदावर का आली याचे उत्तर साधे होते: तुकडी टिकवायला पट लागतो, तुकडी टिकली तर शिक्षकाचे पद टिकते आणि पद टिकले तर त्याचा पगार शासन देते.

पगार हे शालेय अनुदानातले सर्वांत मोठे माप, आणि सर्वांत मोठा बाजारही. संस्थाचालकाला इमारतीसाठी, खडूफळ्यासाठी मिळणारे वेतनेतर अनुदान तुटपुंजे. पण नेमणुकीचा अधिकार त्याचा. शासन आयुष्यभर पगार देणार अशी जागा ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे ‘देणगी’ आपल्या पायांनी चालत येते. 2017 मध्ये शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आणून निवड गुणांवर करण्याचा प्रयत्न झाला, तोही मुलाखतीच्या फटीसह. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे, म्हणजे ऑनलाइन वेतनप्रणालीतल्या खोट्या ओळख क्रमांकांचे, प्रकरण बाहेर आले, तेव्हा कळले की आता विद्यार्थी खोटे दाखवण्याचा खटाटोपही नको. शिक्षकच संगणकात जन्माला घालता येतो.

याच्या उलट टोकाला विनाअनुदानित शाळा. 2001 नंतर ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर शाळांना परवानग्या दिल्या, 2009 मध्ये त्यातले ‘कायम’ काढले, 2016 मध्ये काही शाळांना 20 टक्के अनुदान सुरू झाले आणि मग टप्प्याटप्प्याची भाषा आली. त्यातले कित्येक शिक्षक पोरे शिकवून झाल्यावर शेतावर, दुकानात, रिक्षावर राबले आणि दर अधिवेशनात आझाद मैदानावर बसले. या विषयावर इतके लिहून झाले आहे की मी पुढे जातो.

निवासी संस्थांचे काय? आदिवासी विकास विभागाच्या साडेपाचशेच्या आसपास आश्रमशाळा स्वयंसेवी संस्था अनुदानावर चालवतात; भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळा, सामाजिक न्यायाची अनुदानित वसतिगृहे, दिव्यांगांच्या निवासी शाळा वेगळ्या. त्यांना पगाराशिवाय मुलामागे परिपोषण अनुदान मिळते. 2023 मध्ये सरकारने ते बऱ्याच संस्थांसाठी दरमहा 1,500 वरून 2,200 रुपये केले. बालगृहांत मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे दरमहा 3,000 रुपये येतात, केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के.

हे आकडे कमी की जास्त हे ठरवायला बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही, सरकारचाच दुसरा आकडा शेजारी ठेवला की पुरे. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा एका थाळीचा खर्च शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरला गेला. दहा रुपये जेवणाऱ्याकडून, उरलेले सरकारकडून. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. म्हणजे 2020 साली सरकारच्याच मते शहरात एकवेळचे बेताचे जेवण 50 रुपयांना पडत होते. आश्रमशाळेतल्या मुलाला दिवसाला मिळतात 73 रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन जेवणे, आणि वर साबण-तेल, अंथरूण-पांघरूण असले जे काही असेल ते. शहरी दराने दीड थाळी. बालगृहातल्या मुलाला शंभर रुपये, दोन थाळ्या, आणि त्यातच कपडे, वह्या, शनिवारी हट्ट केला तर एखादा लाडू. एकाच मंत्रालयात वेगवेगळ्या मजल्यांवर बसलेल्या खात्यांनी एकाच पोटाचे इतके वेगळे भाव लावले आहेत. एवढ्या पैशात भागवण्याला कार्यकर्ते ‘बजेट बसवणे’ म्हणतात. बजेट बसते ते वाढदिवसाच्या देणग्यांमुळे. शहराजवळच्या बालगृहांत तारखा आगाऊ लागलेल्या असतात: अमक्यांच्या वडिलांचे वर्षश्राद्ध, तमक्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस. त्या दिवशी श्रीखंड-पुरी. तालुक्याच्या गावापासून चाळीस किलोमीटर आत असलेल्या आश्रमशाळेकडे वाढदिवस पोचत नाहीत.

परिपोषणाचे दर वाढवायला दर वेळी मंत्रिमंडळाचा निर्णय लागतो, आणि दोन निर्णयांच्या मधली वर्षे डाळ-तेलाच्या भावाला माहीत नसतात. त्याच कोषागारातून निघणारा सरकारी नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा हलतो. निर्देशांक एकच आहे. लिपिकाला तो लागू, लिपिक ज्यांची देयके तपासतो त्या मुलांना लागू नाही. परिपोषण निर्देशांकाला जोडायला कुठला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

शिवभोजनाचे माप थाळी, आणि पुरावा फोटो. केंद्रचालकाने ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो काढायचा, मगच थाळी मोजली जाते. दुपारी बाराच्या गर्दीत हमालाला ताट देण्याआधी ‘जरा इकडे बघा’ म्हणावे लागते. दहा रुपये देऊन जेवणारा माणूस स्वतःचा फोटो सरकारला देऊन जातो, याचे कोणालाच काही वाटले नाही. आणि इतका चोख पुरावा देऊनही 2025 मध्ये केंद्रचालकांची देयके महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या येत राहिल्या. ज्या महिला बचत गटांनी उधारीवर किराणा आणला त्यांच्या दारात वाणी उभा.

घनमीटराचे माप त्यामानाने बरे म्हणायचे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये आली तेव्हा संस्थेने यंत्रे आणायची आणि सरकारने इंधनाचा खर्च द्यायचा अशी विभागणी होती. 2023 पासून यंत्राचाही खर्च शासन देऊ लागले. गाळ खड्ड्यातून निघतो, शेतात पडतो, दोन्ही जागा डोळ्यांना दिसतात. जिथे काम स्वतःच मोजता येण्यासारखे आहे तिथे मापाने फारसे बिघडत नाही. पोर वाढवणे, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला धीर देणे, गावाला वाचनाची सवय लावणे ही कामे तशी नाहीत.

मापाइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, संस्थांचा जीव जातो तो उशिरात. प्रक्रिया अशी: लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक अहवाल, विनियोग प्रमाणपत्र, तपासणी अहवाल, प्रस्ताव जिल्ह्याहून विभागाला, विभागाहून आयुक्तालयाला किंवा संचालनालयाला, तिथून मंत्रालयात, तरतूद बीडीएसवर (अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर) दिसली तर देयक कोषागारात, आणि हे सगळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. एप्रिलपासून खर्च झालेला असतो, पैसा मार्चमध्ये येतो, काही वेळा पुढच्या मार्चमध्ये. पूर्ण येतोच असेही नाही. ‘तरतुदीच्या 70 टक्केच वितरित’ हे वाक्य शासन निर्णयात नेहमीचे.

याचा सरळ अर्थ असा की वर्षभर संस्था शासनाला बिनव्याजी कर्ज देते. मग हे कर्ज देण्याची ऐपत कोणाची? ज्याच्या मागे साखर कारखाना, सहकारी बँक, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे त्याची. दोन-तीन कार्यकर्त्यांनी भाड्याच्या जागेत चालवलेली संस्था पाच-सहा वर्षांत दमते. तिची मान्यता मग कोणीतरी ‘घेते’, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल होतो आणि विश्वस्त मंडळात नवी आडनावे येतात. आमदार-खासदारांच्याच संस्था फार, अशी ओरड आपण नेहमी करतो. ओरड खरी आहे, पण त्यामागे दरवेळी वशिलाच असतो असे नाही. उशीर ही एक चाळणी आहे, तिच्यातून गरीब संस्था खाली गळते आणि गब्बर संस्था वर राहते. असा उशीर पुरवठादाराच्या बाबतीत झाला तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे न मिळालेल्या नोंदणीकृत लघुउद्योजकाला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. खात्याला फायली आणि टोनर पुरवणाऱ्याला ते संरक्षण आहे. त्याच खात्याच्या बालगृहाला दूध घालणाऱ्या संस्थेला नाही, कारण तिला मिळते ते ‘देणे’ समजले जात नाही, ‘मदत’ समजली जाते.

इथे सरकारची बाजूही मांडायला हवी. बालन्याय कायद्याने अनाथ मुलाचा सांभाळ ही राज्याची जबाबदारी ठरवली आहे. ती राज्याने स्वतः निभावली तर खर्च किती येतो? सरकारी निरीक्षणगृहे आणि बालगृहे आहेतच, त्यांची अवस्था पाहिलेला माणूस संस्थांची बाजू घेईल. पण सचिव पातळीवर बसलेल्या माणसाला दिसतात ती बोगस संस्थांची प्रकरणे, विधानसभेतले तारांकित प्रश्न, महालेखापालांचे आक्षेप. तो प्रत्येक घोटाळ्यावर एक नवे प्रमाणपत्र लावतो. लबाड संस्था ते प्रमाणपत्र चार दिवसांत मिळवते, कारण तिच्याकडे तेवढ्याच कामाला माणूस ठेवलेला असतो.

सरकारी पैसा नको तर दुसरा आणा, असे सांगणारे भेटतात. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. पैसा मोठा आहे. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे तोच कायदा म्हणतो आणि परिसर म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, फार तर संभाजीनगर-नाशिक. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतले महाराष्ट्राचे चार; तिथे कंपन्यांच्या पाट्या किती? शिवाय कंपनीला वर्षभरात दाखवता येईल असा ‘प्रकल्प’ लागतो. दहा वर्षे एका मुलाला वाढवणे हा प्रकल्प नाही. परकीय देणग्यांचा रस्ता 2020 च्या दुरुस्तीने आणखी अरुंद झाला: एका संस्थेला दुसरीला पैसे देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. जिथे सगळे कामच माणसांचे, तिथे माणसांचा पगार कोणत्या रकान्यात घालायचा हे सनदी लेखापालालाच विचारा.

धर्मादाय रुग्णालये हा उलटा प्रकार. तिथे शासन पैसा देत नाही, सवलती देते, आणि बदल्यात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि बिलांच्या 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत असे मागते. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही योजना घालून दिली. तिची अंमलबजावणी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सगळेच बिघडले आहे असे मात्र नाही. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात, पण पोलिसांच्या हाताखाली नसलेली समाजकार्यकर्ती. तक्रार नोंदवायची की आधी नुसते बोलायचे हे बाईने ठरवायचे. वीस वर्षे काम सिद्ध झाल्यावर 2005 मध्ये महिला व बालविकास विभागाने जबाबदारी घेतली आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूविरोधी काम शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ‘सर्च’ ही संस्था यांनी मिळून चालवले. दोन्हीकडे शासनाने डोकी किंवा थाळ्या विकत घेतल्या नाहीत. कामाची पद्धत विकत घेतली आणि ती पद्धत बसवायला वर्षे दिली. विशेष कक्षांतल्या कार्यकर्त्यांच्या मानधनाची रडगाणी तिथेही ऐकू येतात, तरी पाया बरा आहे.

गेल्या काही वर्षांत वाऱ्याची दिशा संस्थेकडून व्यक्तीकडे वळली आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ 2024 मध्ये आली. दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात. मे 2025 मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी वळवल्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. ज्या खात्यांतून आश्रमशाळा आणि वसतिगृहांची देयके निघतात तीच ही खाती. व्यक्तीला थेट पैसा देण्याला माझा विरोध नाही. बालसंगोपन योजनेत आईविना किंवा बापाविना वाढणाऱ्या मुलाला घरीच ठेवण्यासाठी मिळणारी रक्कम 425 रुपयांवरून 1,100 आणि मग 2,250 झाली, ही उत्तम गोष्ट आहे. त्यामुळे केवळ गरिबीपायी बालगृहात येणारी मुले घरी राहू शकतात. बालगृहांचा पट त्यामुळे घटला तर आनंदच. पण डोक्यांवर अनुदान मिळणाऱ्या बालगृहाला पट घटणे परवडत नाही. मुलाला घरी पाठवण्यात यश मिळाले की संस्थेचा पैसा कापला जातो. उत्तम कामाचे फळ म्हणून तोटा पदरी घालणारे हे माप बदलायचे असेल तर जागेवर, माणसांवर आणि कामाच्या पद्धतीवर तीन-पाच वर्षांचे ठरलेले अनुदान द्यावे लागेल, आणि डोक्यांवरचा खर्च त्याच्या वर वेगळा. वित्त विभागाला हे पचणार नाही, कारण पाच वर्षांचा शब्द दिला की मार्चमधली कात्री हातून जाते.

आणि ज्यांना घर नाहीच, खाते उघडले तरी सही करता येत नाही, त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळत आले आहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मागणे कित्येक वर्षांपासून एकच आहे: अठरा वर्षे पूर्ण झालेल्या अनाथ दिव्यांगांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. बालन्याय कायद्यात मूल अठराव्या वर्षी संपते, पश्चात देखभालीची सोय धरली तर एकविसाव्या. मतिमंद मुलगी बाविसाव्या वर्षीही सकाळी उठून दात घासायला कोणीतरी सोबत लागते अशीच असते. शासनाच्या नमुन्यात तिचा रकाना तेवढा संपलेला असतो. वझ्झरची जी मुले आज चाळिशीकडे आली आहेत, ती संस्थेने ठेवून घेतली म्हणून तिथे आहेत.